खालून बघितलेली गाडी

हे कुणालाही खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं, पण मी तिथे होतो, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मला लहानपणापासून खोड आहे. सेदलोचा चढ मोटार चढताना मी पाहिली आहे. तो चढ असा की आमचे कावळेसुद्धा तिथे पायी जातात. त्या अंगाच्या कोंबड्या एका बाजूने चपटी अंडी घालतात, कारण गोल अंडं घातलं तर ते गडगडत थेट पिवा नदीत जातं आणि खालच्या गावातले लोक त्याचं ऑम्लेट करून खातात, वर आम्हाला ओळखही देत नाहीत.

संत लूकच्या दिवशी मी हे भर पंगतीत सांगितलं. संत लूक हा आमच्या घराचा संत. ऑक्टोबर सरता सरता त्याचा दिवस येतो. मग घरात जाडजूड मेणबत्ती लावायची, आल्या-गेल्या सगळ्यांना जेवू घालायचं, आणि घरधन्याने दिवसभर बसायचं नाही, हातात राकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन पाहुण्यांच्या मागे उभं राहायचं. बसायला बंदी आहे, बोलायला नाही. माझ्या बापाने असं उभ्याउभ्या बोलून एका दिवसात चार लांडगे मारले होते.

त्या दिवशी टेबलाशी गावातले दहा-बारा जण होते. कोपऱ्यात माझा जुना मित्र ओब्रेन बसला होता. ओब्रेन वर्षाला साधारण चाळीस शब्द बोलतो, त्यातले तीस बैलांशी. आणि एक नवा पाहुणा होता, पेरिशा, पोदगोरित्साहून रस्त्याची मोजणी करायला आलेला इंजिनियर. त्याच्या कपाळावर, कोटावर, अगदी कानातही चिखल होता.

"हे काय हो इंजिनियर?" माझ्या बायकोने, स्तानाने, त्याच्यापुढे काचामाकची, मक्याच्या घट्ट लापशीची, थाळी ठेवत विचारलं. "मोजणी लोळून करतात का?"

"चढावर माझी गाडी रुतली," तो म्हणाला. "मी ढकलत होतो. तेवढ्यात बाजूने एक हिरवी गाडी निघून गेली. ही एवढी लांब, खुजी, मुडदे न्यायच्या गाडीसारखी. आत एक बाई शिट्टी वाजवत होती आणि मागच्या काचेतून एक वासरू माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, मीच मेलो आणि ही मला न्यायला आली."

सगळे हसले. मी ताठ झालो. आमच्या घराण्यात ताठ व्हायला फार लागत नाही, पण या वेळी कारण होतं.

"ती माझी पुतणी, मिलियाना," मी म्हणालो. "नऊ कातुनांची गुरांची डॉक्टर. येईलच इतक्यात, वासराला आईकडे सोडून. आणि ती गाडी, इंजिनियर, मी निवडली आहे."

"बाई गं," स्ताना म्हणाली, आणि आत गेली.

"ऐका," मी म्हणालो. "समोर मेणबत्ती जळते आहे. तिच्यासमोर आमच्या घरात खोटं बोलत नाहीत."

मग मी सांगितलं ते असं.

गेल्या मार्चात माझी रुमेन्का मेली. रुमेन्का म्हणजे माझी तांबडी गाय. तिच्या दुधावर एवढी जाड साय यायची की मांजर तिच्यावरून चालत पलीकडे जायचं. तिचं वासरू आडवं आलं. खालच्या गावच्या डॉक्टरला निरोप गेला, तो लगेच निघाला, मनुष्य चांगला. पण त्याची गाडी पहिल्या वळणावर थांबली, आणि तो दुसऱ्या दिवशी पायी पोचला. तोवर गाय गेली, वासरूही गेलं. मी त्याला राकिया दिली. त्याने घेतली नाही. रडत होता बिचारा.

मिलियाना तेव्हा शहरात शेवटच्या परीक्षेला बसली होती. माझ्या भावाची एकुलती एक पोर. भाऊ गेल्यापासून आमच्याकडेच वाढलेली. तिला बातमी कळली, आणि परीक्षा संपल्या दिवशी ती सगळं सामान घेऊन वर आली. म्हणाली, "काका, मी इथेच राहणार."

"इथे?" मी म्हणालो. "इथे कोण राहतं?"

"तुम्ही राहता."

यावर काय बोलणार?

पण कचेरी बोलली. खालच्या पशुखात्याच्या कचेरीत एक माणूस होता, पातळ ओठांचा, सरळ मनाचा. तो म्हणाला, "मुली, वर डॉक्टर हवा हे मलाही कळतं. पण जो पोचत नाही तो डॉक्टर नाही, त्याचं फक्त नाव डॉक्टर. पेत्रोवदानच्या सणाला, दुपारी बाराच्या आत, तू मेंढ्यांची लस घेऊन सेदलोवर ये. मी तिथे थर्मामीटर घेऊन बसलेला असेन. लस थंड असली तर नऊही कातुनं तुझी. गरम झाली तर लस फेकायची, आणि वरची जागा कायमची बंद. मग तू शहरात जा, कुत्र्यांची नखं काप."

इंजिनियर, कातून म्हणजे आमची उन्हाळी वस्ती. जूनमध्ये मेंढरं घेऊन वर जायचं, सप्टेंबरात चीज आणि साय घेऊन खाली यायचं. सगळ्यात उंच कातून सेदलो. त्याच्यावर फक्त संत लूक राहतो, आणि तोही थंडीत खाली येतो.

म्हणजे गाडी हवी होती. पेत्रोवदान बारा जुलैला, आणि आम्ही जूनच्या शेवटच्या शनिवारी निकशिचच्या गाडीबाजारात गेलो. मी, मिलियाना आणि हा ओब्रेन.

"ओब्रेन कशाला?" कुणीतरी विचारलं.

"घोड्यांचा जाणकार म्हणून," मी म्हणालो. ओब्रेनने मान खाली घालून मांसाचा तुकडा कापला.

बाजारात रादुले नावाचा विक्रेता होता. गुबगुबीत, हसरा, दोन्ही हातांत अंगठ्या. त्याच्याकडे डोंगरात चालण्यासारख्या दोनच गाड्या. एक काळी जीप. काय सांगू! चर्चच्या दाराएवढी उंच, अंगावर चकाकी, कपाळावर चार दिवे, मागे चाक लटकवलेलं, आत चामड्याच्या गाद्या. तिच्याकडे बघितलं की माणूस आपोआप टोपी काढायचा. आणि तिच्या शेजारी ही हिरवी. लांब पाठीची, डाव्या दाराला पोचा, पुढचा एक दिवा थोडा तिरळा. खाटकाच्या दारात बांधलेल्या शेळीसारखी उभी.

ओब्रेन जीपच्या प्रेमात पडला. साफ पडला. तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चाकाला लाथ मारली, बोनेटवर थाप मारली, छाती बघितली, मान बघितली. दातच काय ते बघायचे राहिले. शेवटी आत चढून बसला आणि म्हणाला, "बाहेर एवढी माणसं आहेत आणि मला सगळ्यांच्या डोक्यावरची टक्कलं दिसतायत. हीच घ्यायची. पिवाचा माणूस मान वर करून कुणाशी बोलत नाही."

"हे ओब्रेन बोलला?" इंजिनियरने विचारलं. "सलग?"

"त्या दिवशी बोलला. वर्षाचे सगळे शब्द तिथेच संपवले, म्हणून तर आता गप्प आहे."

मीही घोडे घेण्यात हयात घालवली आहे. आमच्याकडे घोडा समोरून बघतात. छाती रुंद हवी, मान ताठ हवी, डोळ्यांत मस्ती हवी. लग्नात नवरीची पेटी सगळ्यात उंच घोड्यावर चढवतात, मग तो लंगडा का असेना. मानाची वस्तू मानाच्या पाठीवर. पण त्या दिवशी मी मनाशी म्हणालो, स्पासोये, गाय असो की गाडी, खालून बघायची. दूध खाली असतं. आणि मी माझा कोट काढला, घडी करून ठेवला, आणि भर बाजारात चिखलात पाठीवर झोपलो आणि जीपच्या पोटाखाली सरकलो.

स्वयंपाकघरातून स्तानाचा आवाज आला, "स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही याला. मी बांधते."

"राग आला की कंबर वाकते," मी म्हणालो, आणि पुढे गेलो.

खाली काय दिसलं? बडा घर पोकळ वासा. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा लोखंडी दांडा मागच्या दोन चाकांकडे जात होता. पुढच्या चाकांकडे दांडाच नाही! पुढची दोन चाकं नुसती वरातीला आलेली, नाचणार नाहीत, ओझं उचलणार नाहीत, जेवून जाणार. वर ताजा काळा रंग, आणि त्या रंगाला बोट लावलं तर बोट आत गेलं.

मग हिरवीच्या खाली सरकलो. दोन दांडे, एक पुढे, एक मागे. चारही चाकं कामाची. पोटाखाली जाड पत्रा, त्या पत्र्यावर ओरखडे. म्हणजे बाईने दगड खाल्ले होते आणि पचवलेही होते. आणि खालची जागा बघितली तर इतकी की आमचं मांजर उभं राहून शेपूट हलवू शकेल. लांबून खुजी दिसते, कारण पाठ लांब आहे. माझी आत्याही अशीच दिसायची, आणि तिने एकदा खांद्यावरून गाढव नदीपार नेलं होतं.

बाहेर आलो तेव्हा रादुलेच्या चेहऱ्यावर हसू राहिलेलं नव्हतं.

"बाबा, काय शोधताय खाली?" तो म्हणाला.

"तू जे वर दाखवत नाहीस ते."

तरीही ओब्रेन हट्टाला पेटला. "दांडा असो नसो, ही गाडी बघून कचेरीतला माणूस उभा राहील. त्या शवपेटीतून डॉक्टर उतरली तर लोक आधी क्रूसाची खूण करतील, मग मेंढ्या लपवतील." गावातही सगळे त्याच्या बाजूने. डोंगराच्या इभ्रतीचा प्रश्न! शेवटी रादुले म्हणाला, "भांडू नका. पेत्रोवदानला मी दोन्ही वर आणतो. जी चढेल ती घ्या." लबाड होता, पण मर्द होता.

दहा जुलैला दोन्ही गाड्या आमच्या अंगणात आल्या. मी दोन्हींत मागे एकेक बादली दूध काठोकाठ भरून ठेवलं आणि गावाभोवती एक चक्कर मारायला लावली. जीप परत आली तेव्हा बादलीत दूध नव्हतंच. लोणी होतं. तेसुद्धा मीठ घातलेलं, कारण रादुलेला घाम फुटला होता. आणि हिरवी परत आली तेव्हा बादलीतल्या सायीवर एक माशी झोपली होती. ती गाडी थांबल्यावर उठली आणि तिने विचारलं, निघायचं का?

"माशीने विचारलं?" इंजिनियर म्हणाला.

"आमच्या माशा बोलक्या आहेत. गप्प फक्त ओब्रेन."

टेबल हसलं. ओब्रेनने माझ्याकडे पेला सरकवला, मी भरला.

पेत्रोवदान उजाडला. मिलियाना पहाटेच खाली जाऊन लस घेऊन आली होती. पांढरी पेटी, चारी बाजूंनी बर्फ, झाकणावर पट्टी चिकटवलेली. बर्फ दुपारपर्यंत टिकेल, त्यापुढे नाही. अकराशे मेंढ्यांची लस त्या एका पेटीत. नऊ वाजता निघायचं ठरलं. हिरवी मिलियाना चालवणार, तिच्या शेजारी मी, आणि जीप रादुले.

आणि इथे चूक झाली. अशी चूक आमच्याशिवाय कुणी करणार नाही, आणि आमच्यातला कुणीही करेल. ती पेटी मिलियाना हिरवीत ठेवत होती. ओब्रेन पुढे झाला आणि त्याने ती तिच्या हातातून घेतली. "छे छे, पोरी," तो म्हणाला. "मानाची पेटी खुज्या पाठीवर? लोक काय म्हणतील?" आणि पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये जाऊन बसला. नवरीची पेटी उंच घोड्यावर!

मिलियानाने त्याच्याकडे बघितलं. तिला नको होतं. पण अख्खं गाव अंगणात उभं, पाद्रीबाबा पाणी शिंपडत होते, आणि ज्या माणसाने तिला लहानपणी खांद्यावरून शाळेत नेलं त्याला चारचौघांत नाही कसं म्हणायचं? ती म्हणाली, "बरं. पण माझ्या मागे राहा."

"तिला शाळेत ओब्रेन न्यायचा?" इंजिनियरने विचारलं.

"कधीकधी," मी म्हणालो, आणि त्याचा पेला भरला. तो भरलेलाच होता. थोडी राकिया सांडली.

आता, जीप काय मागे राहणार? तिसऱ्या वळणावर रादुलेने तिला पुढे काढलं. आत गादी कशी होती माहीत आहे? बिशपच्या मांडीवर बसल्यासारखी. माणूस असा रुतायचा की गुडघे कानाला. आणि मांडीवर ती पेटी, बर्फाने मांड्या बधिर, खालून गादी गरम, वरून बर्फ थंड, मधला माणूस मेला की जिवंत त्यालाच कळू नये. पण ऐट! काचेतून खाली बघितलं की झाडं दिसायची, झाडांचे शेंडे, शेंड्यांवरची घरटी. घरट्यातली पिल्लंसुद्धा सलाम करत होती.

"तुम्ही तर हिरवीत होतात ना, काका?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी विचारलं.

"ओब्रेनने नंतर सांगितलं."

सगळ्यांनी ओब्रेनकडे बघितलं. तो शांतपणे पाव मोडत होता.

सेदलोच्या खाली पाद्रीबाबांचं डबकं होतं. तीन पिढ्यांपूर्वी एक पाद्री खेचरावर बसून त्यात शिरला. पाद्री ईस्टरला बाहेर आला, खेचर आलंच नाही. डबक्यात तेव्हा अजून त्याची घंटी वाजायची. त्या वर्षी पाऊस झालेला, काठ कुठे आणि पाणी कुठे कळत नव्हतं. शहाणा माणूस तिथे थांबतो, उतरतो, काठीने खोली बघतो, मग उजवीकडच्या दगडांवरून जातो. रादुले थांबला. पण बाजूला बसलेला माणूस म्हणाला, "थांबतोस काय? मागून शवपेटी येतेय, तिच्यासमोर थांबणार?"

जीप शिरली. अर्ध्यात गेली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, लोणी काढल्यासारखी. पुढची दोन चाकं आरामात उभी, पाहुण्यासारखी. रादुलेने जोर लावला तशी ती बसली. दार उघडायला जावं तर पाणी आत. डाव्या बुटात आधी शिरलं. थंड, जाड, आत बेडकाचं पिल्लू. बूट ओढला तर पाय आला, बूट राहिला. पेटी डोक्यावर धरली. वाजले होते सव्वादहा.

मी सांगत होतो आणि स्ताना दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कालथा होता. तिने फक्त चुलीमागे बघितलं. तिथे एक डावा बूट जुलैपासून वाळत होता, चर्चच्या घंटेसारखा कडक. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

मागून हिरवी आली. मिलियाना उतरली. ओरडली नाही, रडली नाही. काठी घेतली, खोली बघितली, कडेचे दगड पायाने हलवून पाहिले. एकच प्रश्न विचारला, "पेटी उघडली का कुणी?"

"नाही," जीपमधला माणूस म्हणाला. त्याचा आवाज बेडकापेक्षा लहान झाला होता.

"मग ती डोक्यावरच धरून ठेवा. उन्हात नको, माझ्या सावलीत धरा."

तिने हिरवी उजवीकडच्या दगडांवर घेतली. आणि इथे मी जे पाहिलं ते कुणाला खरं वाटणार नाही. दगड ओले, एकेक म्हणजे झोपलेला बैल. पुढचं एक चाक हवेत गेलं. वाटलं, संपलं. पण ती चार चाकं म्हणजे चार भाऊ आहेत हो, आणि भांडणारे नव्हेत! एक घसरलं की बाकीचे तिघे म्हणतात, तू दम खा, आम्ही बघतो. गाडी थरथरली, वाकली, आणि मांजरासारखी पलीकडे उतरली. दुधाची बादली असती तर हिंदकळली नसती.

पलीकडून तिने दोर टाकला. मी माझा लग्नातला लोकरीचा कमरपट्टा सोडून दोराला जोडला, कारण दोर तोकडा पडत होता. पेटी हातोहात पलीकडे गेली. मग तिने गाडी गिअरमध्ये टाकली आणि जीप ओढली. नुसती जीप नाही! जीपबरोबर अख्खं डबकं आलं, तळातून ते खेचर आलं, खेचरावर पाद्रीबाबांची छत्री होती. आजही तिथे डबकं नाही, नुसती खाच आहे. इंजिनियर, तू आज रुतलास ती खाच वेगळी.

अकरा वाजता सेदलोचा शेवटचा चढ लागला. हिरवी पुढे, मी तिच्यात. वरून मेंढपाळ बघत होते, बायका ओंजळी करून ओरडत होत्या. दगड मागे उडत होते, ढग खाली राहिले होते. एका वळणावर गाडी इतकी उभी झाली की मला समोरच्या काचेतून संत लूक दिसला. पायाशी त्याचा बैल होता. बैलाने बाजू दिली.

कचेरीतला माणूस दगडावर बसला होता. घड्याळ बघितलं. बाराला वीस मिनिटं कमी. तो गाडीसाठी उभा राहिला नाही. त्याने गाडीकडे बघितलंच नाही. पेटीची पट्टी फाडली, थर्मामीटर आत घातलं, आणि आम्ही सगळे, चाळीस माणसं आणि अकराशे मेंढ्या, श्वास धरून थांबलो. एक मेंढी शिंकली, तिला तिच्या आईने मारलं.

"सहा अंश," तो म्हणाला.

मिलियानाने बाह्या वर केल्या आणि पहिल्या मेंढीचा कान धरला. संध्याकाळपर्यंत अकराशे. तिचे हात चालताना मी बघत होतो. माझ्या भावाचे हात असेच होते, लांब, घाई नसलेले. कुणाचे डोळे ओले झाले असतील तर ते लोकरीमुळे. जुलैमध्ये लोकर फार उडते.

मग खाली येऊन सौदा. आमच्या पद्धतीने. रादुले आणि मिलियाना, हातात हात, आणि मधला माणूस, म्हणजे मी, दोघांचे हात धरून हलवतोय, हलवतोय, किंमत जमेपर्यंत सोडत नाही. रादुलेने साडेतीन हजार युरोवरून सुरुवात केली आणि जीप ओढून काढावी लागल्याची लाज आठवून तीन हजारावर आला. घोड्याचा लगाम आमच्यात उघड्या हाताने देत नाहीत, कोटाच्या टोकात धरून देतात, म्हणजे बरकत राहते. रादुलेने किल्ली कोटाच्या टोकात गुंडाळली, मिलियानाने तिच्या पांढऱ्या डॉक्टरी कोटाच्या टोकात घेतली. त्या कोटाला चिखल, रक्त, लस, सगळं लागलेलं. मी गाडीची स्तुती केली आणि दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकलो. तिसऱ्यांदा जरा रादुलेच्या बुटावर.

"आणि ओब्रेन?" इंजिनियरने विचारलं. त्याचा काचामाक गार झाला होता, पण त्याला भान नव्हतं. "त्याला काय म्हणाली ती?"

त्याच वेळी खाली वळणावर हिरवीचा आवाज आला. दोन टोपल्या कोंबड्या हसल्यासारखा तिचा हॉर्न आहे. मला घाई झाली.

"काही नाही म्हणाली," मी म्हणालो. "ओब्रेन एक बूट घालून उभा होता, मान खाली. पोरगी आली, आणि तिने त्याला हिरवीत पुढे बसवलं, आणि गावातून तीन चकरा मारल्या, दार उघडं ठेवून, सगळ्यांनी बघावं म्हणून. असं मन आहे पोरीचं. आणि तेव्हा मी ओब्रेनला म्हणालो, बघ मित्रा, मी तुला बाजारातच सांगितलं होतं, गाय असो की गाडी, खालून..."

अंगणात गाडी थांबली. दार वाजलं. मिलियाना उंबऱ्यात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत गवत, हातात टोपी. "उशीर झाला काका, माफ करा," ती म्हणाली. "कुठवर आली गोष्ट?"

ओब्रेनने सुरी खाली ठेवली. त्याने तोंड पुसलं. मेणबत्तीकडे बघितलं, ती अजून जळत होती. मग वर्षाचे उरलेले सगळे शब्द एकदम खर्च करावेत तसा तो म्हणाला:

"स्पासोये, तुझ्या घरचा सण आहे म्हणून इतका वेळ मुकाट जेवलो. डबक्याच्या अलीकडे कमरेएवढ्या चिखलात दोर धरून मी उभा होतो. पेटी तुझ्या मांडीवर होती. बूट तुझा गेला. आणि बाजारात गाडीखाली ही पोरगी झोपली होती, तू तिच्या पायाला धरून ओढत होतास आणि म्हणत होतास, उठ गं, लोक बघतायत."